द्राक्षबागांच्या डोंगरवाटेवरून आल्यावर कुत्रा पुन्हा पुन्हा लंगडतो: कारण कसे शोधावे

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या परिसरात किंवा उत्तरेला दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांमधून जाणाऱ्या वाटेने कुत्र्याला घेऊन एखादी टेकडी चढून यावे, सगळा वेळ त्याने उत्साहाने पुढे धावावे, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एक पाय उचलून धरावा, हा अनुभव अनेकांना येतो. दोन दिवस तो पाय चाटत राहतो. मग दोन बोटांच्या बेचक्यात लालसर फुगवटा दिसतो, डॉक्टर अँटिबायोटिकच्या गोळ्या देतात, फुगवटा बसतो, आणि गोळ्या संपून आठ-दहा दिवस झाले की त्याच जागी पुन्हा उभा राहतो. हे लिखाण या पुन्हा उभ्या राहणाऱ्या फुगवट्याविषयी आहे. लंगडण्याची इतर कारणे त्यात येतील, पण ती मुख्यतः हे कारण वेगळे काढता यावे म्हणून.

आमचा खंड्या सहा वर्षांचा, तांबड्या रंगाचा, आखूड केसांचा गावठी कुत्रा आहे. त्याचा डावा पुढचा पाय सलग दोन हिवाळे दुखत होता आणि दोन्ही वेळा मी दोष दिला तो द्राक्षांवरच्या फवारणीला. त्याला निमित्तही तसेच घडले होते. गंगापूरच्या बाजूला एका बागेच्या कडेने जात असताना तिथले शेतकरी मला म्हणाले, “ताई, कालच औषध मारलंय. कुत्र्याला बांधाबांधानं न्या, आत सोडू नका.” मी त्याला बांधावरून नेले, तरी रात्री तो पाय चाटू लागला, आणि माझ्या डोक्यात ‘औषध’ हा शब्द पक्का बसला. बांधावरून नेल्यामुळेच ते झाले, हे कळायला मला आणखी एक वर्ष लागले.

चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण दोन वेळापत्रके एकमेकांवर बरोबर बसतात. नाशिक पट्ट्यात द्राक्षाची वर्षाला दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला गोडी बहार छाटणी असेही म्हणतात. फळछाटणीनंतर नवी फूट निघते, तिच्यावर डाऊनी आणि भुरी हे रोग पडू नयेत म्हणून फवारण्या सुरू होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, पाऊस उघडल्यावर, डोंगरउतारांवरचे कुसळी गवत पिकून त्याचे बी सुटू लागते. कुत्र्याचा पाय ऑक्टोबर ते जानेवारीत दुखतो तेव्हा दोन्ही गोष्टी समोर असतात, आणि माणसाचे लक्ष ट्रॅक्टरच्या ब्लोअरकडे जाते, गवताकडे जात नाही. मला शंका आली ती एका साध्या प्रश्नाने. बोर्डो मिश्रणाच्या म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारण्या पावसाळ्यातही होतात, आम्ही पावसाळ्यातही त्याच वाटांनी जातो, मग जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा पाय का सुजत नाही?

तेव्हापासून मी एका वहीत पाच गोष्टी लिहू लागले: तारीख, वाट, पायाखालची जमीन, लंगडणे केव्हा सुरू झाले आणि कोणता पाय. ज्यांच्या कुत्र्याला हा त्रास वारंवार होतो त्यांनी गोळ्या बदलण्याआधी अशी वही सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो, कारण दवाखान्यात टेबलावर उभा असलेला कुत्रा बहुधा चारही पाय टेकवून शहाण्यासारखा उभा राहतो.

किती पाय दुखतात आणि केव्हापासून

निदानाची पहिली फोड या दोन प्रश्नांवर करावी.

चालता चालता कुत्रा एकाएकी थांबला, पाय झटकला किंवा उचलून तुमच्याकडे पाहू लागला, तर काहीतरी त्याच क्षणी टोचले आहे. बाभळीचा, हिवराचा किंवा बोरीचा काटा, सराटा, काचेचा तुकडा, बागेजवळ असाल तर मांडवाच्या तारेचे कापून टाकलेले टोक, किंवा छाटणीनंतर जमिनीत उभी राहिलेली तिरप्या कापाची काडी. तिथेच बसून पाहिले की वस्तू सहसा दिसते. नखही पाहावे, खडकाच्या फटीत अडकून नख मुळाशी चिरले तर रक्त थोडेच येते, पण कुत्रा पाय टेकवत नाही.

चारही पाय किंवा पुढचे दोन्ही पाय सारखेच दुखत असतील, तर कारण जमिनीत शोधावे. फेब्रुवारी संपता संपता आपल्याकडचा काळा कातळ दुपारी इतका तापतो की पायाच्या गाद्या भाजतात. तळहाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवता आली नाही तर त्यावर कुत्र्याला चालवू नये. मुरमाड वाटेवर गाद्या घासून निघतात, विशेषतः जो कुत्रा आठवडाभर फरशीवर राहतो आणि रविवारी एकदम दहा किलोमीटर चालतो त्याच्या. पावसाळ्यात काळी चिकण माती बोटांच्या मध्ये भरते आणि वाळून सुपारीएवढे टणक गोळे होतात. कुत्रा लंगडतो, माणूस घाबरतो, आणि उपाय असतो एक बादली कोमट पाणी. हे गोळे ओढून काढू नयेत, केस उपटले जातात.

फवारणीचा त्रासही याच गटात मोडतो, म्हणजे तो एका बेचक्यापुरता राहत नाही. गाद्यांच्या कडा, पोटाचा खालचा भाग, कधी नाकाचा शेंडा, असे सगळे एकदम लाल होते. फळछाटणीनंतर काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. ते त्वचेला चांगलेच भाजते, म्हणून छाटणी झालेल्या बागेत त्या दिवसांत कुत्र्याला पाऊलही टाकू देऊ नये. संशय आलाच तर भरपूर साध्या पाण्याने पाय आणि पोट धुवावे, वाळेपर्यंत चाटू देऊ नये, आणि बागायतदाराला औषधाचे नाव विचारून डब्याच्या लेबलाचा फोटो घ्यावा. तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले किंवा उलट्या झाल्या तर धुण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आज हा पाय, परवा तो पाय, त्यात जेवणावरची इच्छा कमी, अंगात ताप आणि सुस्ती, असे चित्र असेल तर पायात काही शोधत बसू नये. गोचिडांमुळे होणारा ताप सांध्यांवर असाच उतरतो. त्याचे निदान रक्ततपासणीत होते आणि उपचार साधारण चार आठवडे चालतात, मध्येच सोडायचे नसतात.

आणखी एक चित्र असे आहे की त्यात वही, भिंग, चिमटा सगळे बाजूला ठेवावे. गवतात किंवा दगडांच्या फटीत तोंड घातलेला कुत्रा किंचाळून मागे सरतो आणि त्याचा पाय किंवा तोंड डोळ्यांदेखत सुजू लागते, तेव्हा घोणस किंवा फुरसे डसल्याचे धरून चालावे. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून गाडीत घालावे आणि जिथे सर्पदंशाची लस हमखास मिळते अशा पशुवैद्यकाकडे जावे. हा पत्ता घरून निघण्याआधीच फोन करून माहीत करून घ्यावा.

या सगळ्यांतून उरते ते आपले मूळ चित्र: एकच पाय, एकच बेचके, टोचल्याचा क्षण कोणालाच आठवत नाही, आणि गोळ्या असेपर्यंतच बरे. गोळ्यांनी बसणारा आणि गोळ्या थांबल्यावर त्याच जागी परत येणारा फुगवटा म्हणजे आत काहीतरी राहिले आहे, असे मानूनच पुढे जावे. अँटिबायोटिक जंतू मारते, पण आत बसलेली काडी बाहेर काढत नाही.

कुसळ आत जाते कसे

कुसळी गवत आपल्या डोंगरांवर सर्वत्र आहे. पायथ्याच्या आशेवाडीतून रामशेज किल्ल्याच्या उतारावर नोव्हेंबरमध्ये चढून गेलेल्या कोणाच्याही मोज्यांना ते माहीत आहे. त्याच्या बीचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते, त्या टोकावर मागे वळलेले तपकिरी ताठ केस असतात, आणि वरच्या बाजूला काही सेंटिमीटर लांबीची पीळदार शेपटी असते. मागे वळलेल्या केसांमुळे बी पुढे सरकू शकते, पण मागे येऊ शकत नाही. शेपटीचे काम मात्र मी घरी पाहिले तेव्हाच नीट समजले.

मोज्यातून काढलेले एक अख्खे कुसळ मी स्टीलच्या वाटीत ठेवले आणि शेपटीवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला. थोड्याच वेळात शेपटीचा पीळ सुटू लागला, तिचा वाकडा भाग घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरला, वाटीच्या कडेला अडकला, आणि मग शेपटीऐवजी बीच फिरू लागले. वाळल्यावर तोच पीळ उलट दिशेने पुन्हा भरला. जमिनीत रुजण्यासाठी गवताने केलेली ही सोय आहे: रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या जोरावर बी स्वतःला मातीत पेरून घेते. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यातही ओल असते, ते चाटले की ती वाढते, मग वाळते, आणि बीला माती काय, कातडी काय, सारखीच. प्रत्येक पावलाला बोटे जवळ येतात आणि लांब जातात, त्याचाही रेटा मिळतो. शेपटी कुठेतरी तुटून पडते, टोक आत जाते, वरचे छिद्र मिटते. दोन दिवसांनी वरून पाहणाऱ्याला फक्त ओलसर, लाल कातडी दिसते.

बागेच्या आत, ओळींमध्ये, तण काढलेले असते. गवत उभे असते ते बांधावर, ओहोळाच्या काठाला आणि बाग संपून डोंगर सुरू होतो त्या पट्ट्यात. निफाड-पिंपळगावकडच्या सपाटीवर थॉम्पसन जातीच्या द्राक्षांच्या मांडवांमधून फिरताना हा त्रास आम्हाला कधी जाणवला नाही. शिराझ किंवा शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षांच्या काही बागा मात्र टेकड्यांच्या उतारालाच लागून आहेत, आणि सहलीसाठी आपल्याला नेमके तेच उतार आवडतात. फवारणी टाळण्यासाठी मी खंड्याला शिस्तीने बांधावरून नेत होते, म्हणजे दर वेळी त्याला कुसळांतूनच चालवत होते.

तपासणी घरी नव्हे, गवत संपते तिथे

या त्रासावर मला सापडलेला सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे, आणि तो सांगितला की लोकांचा विश्वास बसत नाही. गवताळ पट्टा संपला की तिथेच, पहिल्या सावलीत, दहा मिनिटे बसून चारही पाय तपासावेत. त्या वेळी कुसळे केसांत अडकलेली असतात किंवा कातडीला नुकती टेकलेली असतात, शेपटी शाबूत असते आणि बोटांनी धरून काढता येते. घरी पोहोचेपर्यंत, मध्ये गाडीत कुत्रा झोपला आणि पाय चाटले की तेच काम चिमट्याचे होते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे.

कुत्र्याला कुशीवर झोपवावे आणि एकाने डोक्याशी बसून त्याच्याशी बोलत राहावे. दुसऱ्याने पंजा हातात घेऊन मोठ्या गादीवर अंगठ्याने हलका दाब द्यावा. बोटे आपोआप पसरतात. एका पंजाला चार बोटे, म्हणजे तीन बेचक्या, प्रत्येक बेचके वरून आणि खालून, असे चार पायांचे मिळून चोवीस ठिकाणांचे काम आहे. त्यात पुढच्या पायांच्या वरच्या, जमिनीला न लागणाऱ्या नखांची मुळे आणि मोठ्या गादीच्या मागचा खळगा जोडावा. डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक भिस्त ठेवावी. बेचक्यातली कातडी अंगठा आणि तर्जनीमध्ये हलके चोळली की निरोगी जागी ती रेशमी कापडासारखी सरकते. कुसळ असेल तिथे मोहरीच्या दाण्याएवढे काहीतरी खटकते, आणि कुत्रा पाय मागे ओढतो. खंड्या नुसते कान मागे घेतो, आणि मी तेवढ्यावर थांबून पुन्हा पाहते.

पाय झाले की कान, नाक, डोळे, काखा आणि जांघा पाहाव्यात. या ठिकाणी स्वतः उपचार करू नयेत. गवतातून आल्यावर कुत्रा एकाएकी डोके झटकू लागला आणि एका बाजूला मान कलती करून राहिला, तर कानात तेल किंवा थेंब घालण्याचा मोह आवरावा. कुसळ त्याने बाहेर येत नाही, आणि पडदा फाटलेला असेल तर औषध आत जाते. शिंकांची उबळ थांबत नसेल किंवा एक डोळा मिटलेलाच असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मोठ्या कानांच्या आणि लांब केसांच्या कुत्र्यांना, कॉकर स्पॅनियल किंवा गोल्डन रिट्रीव्हरला, हा धोका गावठी कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

दिसत असलेले कुसळ काढताना चिमटा कातडीला टेकवून, आत शिरण्याच्या दिशेच्या बरोबर उलट, सरळ आणि सावकाश ओढावे. काढलेले टोक तळहातावर घेऊन पाहावे. ते सुईसारखे शाबूत असेल तर काम झाले, तुटके असेल तर झालेले नाही. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालून त्याने जागा धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. टोक दिसत नसेल, फक्त फुगवटा असेल, तर दाबून, पिळून किंवा सुईने टोकरून पाहू नये. मी पहिल्या वर्षी हळद-तेल लावून फुगवटा ‘पिकवला’ होता. पू आला, सूज उतरली, मला फार बरे वाटले, आणि कुसळ तेवढ्या वेळात बहुधा आणखी वर सरकले.

घरातल्या वेदनाशामक गोळ्यांविषयी एवढेच: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतले काहीही कुत्र्याला देऊ नये. माणसाला साधी वाटणारी ही औषधे कुत्र्याचे जठर, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडवतात. (डायक्लोफेनॅक तर भारतात जनावरांसाठी वापरण्यावर २००६ पासून बंदी आहे. ते औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मरू लागली म्हणून ती आली. ज्यांनी अंजनेरीच्या कड्यावर गिधाडे घिरट्या घालताना पाहिली आहेत त्यांना ती बंदी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.)

डॉक्टरांशी काय बोलावे

दुसऱ्यांदा फुगवटा आला की डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे: हा कुत्रा कुसळी गवतात चालला होता, अमुक तारखेला गोळ्या दिल्या, अमुक तारखेला थांबवल्या आणि अमुक तारखेला त्याच जागी सूज परत आली. ही तीन वाक्ये ऐकली की बहुतेक डॉक्टरांचा विचार तिसऱ्या गोळीकडून शोधाकडे वळतो. साध्या एक्स-रेमध्ये गवताची काडी दिसत नाही, कारण ती हाडासारखी किरण अडवत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ याचा अर्थ आत तार, काच किंवा हाडाची मोड नाही, एवढाच घ्यावा. सोनोग्राफीत ती कधी दिसते, कधी दिसत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे भूल देऊन छिद्राच्या वाटेने आत पाहणे आणि जागा धुऊन काढणे. भुलीचे नाव काढले की आपण कचरतो, मीही तीन आठवडे कचरले, आणि त्या तीन आठवड्यांत खंड्याच्या पायातला फुगवटा बेचक्यातून मनगटाच्या दिशेने बोटभर वर गेला. शेवटी जे निघाले ते शेपटी गळालेले, काळपट पडलेले, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासे लांब असे टोक होते. डॉक्टरांनी ते गॉजवर ठेवून मला दाखवले तेव्हा त्याच्यावरचे मागे वळलेले केस भिंगातून अजूनही ताठ दिसत होते.

पुढच्या वेळी टाळायचे कसे

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत आम्ही वाट बदलतो. गाडीवाट, पाटाच्या कडेची रस्त्यासारखी तुडवलेली वाट, किंवा गुरे चरून गेलेला उतार चालतो. गुडघाभर पिवळे गवत असलेली पायवाट चालत नाही, मग ती कितीही सुंदर असो. कुत्रा साखळीवर, आणि साखळी दीड मीटरची, म्हणजे तो वाट सोडून गवतात घुसत नाही. बागेच्या कडेने जायचे असेल तर बागायतदाराला आधी विचारावे; औषध कधी मारले हे त्याच्याइतके खरे कोणी सांगू शकत नाही, आणि बांधावरचे गवत कापले आहे का हेही तोच सांगतो.

बोटांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीला आणून ठेवावेत. बुटांविषयी मात्र माझे मत मिश्र आहे. तापलेल्या कातळासाठी रबरी तळाचे बूट उपयोगी आहेत, पण वरून सैल असलेल्या बुटात कुसळ शिरले तर ते आतच राहून प्रत्येक पावलाला टोचत जाते. जुने सुती मोजे घालण्याची युक्ती तर मी करून पाहिली आणि तिच्याइतकी वाईट कल्पना दुसरी नाही. मोजा कुसळे गोळा करतो आणि पायात दाबून धरतो.

वेळेच्या बाबतीत नाशिकमध्ये एक अडचण आहे. ऊन टाळायचे तर पहाटे निघावे असे सगळे सांगतात, पण आपल्या ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. म्हणून आम्ही लख्ख उजाडल्यावर निघतो, ऊन चढण्याआधी परततो, आणि त्यासाठी वाट छोटी करतो. संध्याकाळचा पर्याय मी ठेवलेलाच नाही.

पायाशी संबंध नसलेली, पण याच वाटांवरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत बागांमध्ये काढणी चालते, तेव्हा बांधावर गळालेले मणी, टाकून दिलेले घड आणि वायनरीच्या बाजूला द्राक्षांचा चोथा पडलेला असतो. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे, आणि किती खाल्ले तर चालते असे सुरक्षित प्रमाण नाही. त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये बोट दाखवले, आणि २०२२ मध्ये चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही असाच बिघाड नोंदवला गेला, त्यामुळे रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसून डबा उघडणाऱ्यांनीही खाली काय पडले आहे ते पाहावे. कुत्र्याने द्राक्षे खाल्लेली दिसली तर उलटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करावा. मूत्रपिंडाचा बिघाड कळायला एक ते तीन दिवस लागतात आणि तोवर उपचाराची सोयीची वेळ निघून गेलेली असते.

कुसळ काढल्यानंतरचे दोन आठवडे कंटाळवाणे असतात. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, पाय कोरडा, फिरणे फक्त घरासमोरच्या रस्त्यावर, आणि जखमेकडे रोज एकाच वेळी, एकाच उजेडात पाहणे. सूज रोज थोडी कमी झाली पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती जागच्या जागी थांबली, किंवा गोळ्या संपल्यावर पुन्हा ओल दिसू लागली, तर आत दुसरे टोक असू शकते, कारण गवतातून जाताना कुसळे एकेकटी चिकटत नाहीत. खंड्याच्या बाबतीत अकराव्या दिवशी बाजूच्या बेचक्यात पुन्हा मोहरीएवढे काहीतरी हाताला लागले. या वेळी ते कातडीच्या अगदी खाली होते, आणि डॉक्टरांनी भुलीशिवाय, दोन मिनिटांत काढले.